भोंग्याने फॉरवर्ड केलेली ठकी

आमच्या मजल्यावर घड्याळाची गरज पडत नाही. सकाळी समोरच्या दारातून, "आंघोळीला जाणाऱ्यांनी कृपया लक्ष द्या, गरम पाणी थोड्याच वेळात संपणार आहे," असं ऐकू आलं की मी चहाचं आधण ठेवते. "डबा क्रमांक दोन अजून ओट्यावरच उभा आहे," असं आलं की आमचे हे चपला शोधायला लागतात. हा आवाज समोरच्या शेजाऱ्याचा. बसस्थानकावर उद्घोषक आहे. गाडी कुठे लागेल, कधी सुटेल, का सुटणार नाही, हे दिवसभर माइकवरून सांगायचं, ही त्याची नोकरी. संध्याकाळी नोकरी सुटते, आवाज काही सुटत नाही.

सगळी इमारत त्याला भोंगा म्हणते. तोंडावरच म्हणते. त्याला राग येत नाही, उलट नवीन भाडेकरू आले तेव्हा हा स्वतःच जिन्यात पुढे होऊन म्हणाला, "मी भोंगा. ऐकू आलंच असेल."

माणूस दिसायला म्हणाल तर काडी. हात लावला तर वाकेल असा. आमच्या ह्यांचं म्हणणं, याच्या पोटात पत्र्याचं पिंप असणार, त्याशिवाय एवढा आवाज घुमायचा नाही. आणि हळू बोलणं म्हणून जे असतं ते त्याला येतच नाही. एकदा वहिनींच्या माहेरची काही नाजूक भानगड त्याने जिन्यात मला "कुणाला सांगू नका हं" म्हणून सांगितली. तळमजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप घेऊन वर आला आणि म्हणाला, "कुणाला सांगू नका म्हणालात, ते मला पण धरून ना?"

वहिनी म्हणजे भोंग्याची बायको. रक्त तपासायच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतात. बोलायला कमी. त्यांनी टोमणा मारलेलासुद्धा सुईसारखाच. त्या बाजूला होऊन कापूस दाबून धरा म्हणतात, तेव्हा तुम्हाला कळतं की टोचलं.

या दोघांची एकुलती एक मुलगी ठकी. आठवीत आहे. अंगापेक्षा पाय आधी वाढलेत, त्यामुळे बसली की पायांचं काय करायचं हा तिलाच प्रश्न पडतो. बापाची इतकी लाडकी, की ती झाली तेव्हा बातमी आधी बसस्थानकाला कळली आणि मग आजीला.

तर झालं असं. शाळेच्या खेळांच्या दिवशी ठकी शर्यतीत धावली आणि शेवटची आली. शेवटची म्हणजे अशी, की बाकीच्या मुली पाणी पिऊन, वेण्या सोडून पुन्हा घालून बसल्या, तरी ही आपली धावतेच आहे. पण मध्येच सोडून नाही दिलं तिने. पुरी धावली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला.

दोन दिवसांनी तिच्या वर्गातली जुळी भावंडं, एक मुलगा, एक मुलगी, बसस्थानकावर उद्घोषणेच्या खिडकीशी आली.

"काका, तुम्ही ठकीचे बाबा ना? आम्ही तिच्याच वर्गातले. तुमचा आवाज काय भारी आहे हो!"

एवढं पुरे होतं. भोंग्याला आवाज भारी आहे म्हणा, तो तुम्हाला घरचं कपाट काढून देईल.

"काका, एक गंमत म्हणून बोलून दाखवा ना. 'ठकी नावाची गाडी उशिराने धावत आहे.'"

भोंग्याने घसा साफ केला आणि त्या पोरांच्या फोनमध्ये बोलून दाखवलं. नुसतं सांगितलं तेवढं बोलला असता तर तो भोंगा कसला? वर पदरचं घातलं. "ठकी नावाची गाडी उशिराने धावत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ही गाडी आज पोहोचेलच याची खात्री नाही. प्रवाशांनी पर्यायी व्यवस्था करावी." आणि वर त्या दोघांना खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या दिल्या.

पोरांनी तो आवाज त्या व्हिडिओला जोडला. ठकी संथ गतीने, एकेक पाय हवेत लटकवत धावते आहे आणि मागे बापाचा आवाज. अगदी खरं सांगायचं तर हसू येतं. तीच तर भानगड आहे.

भोंग्याकडे ही क्लिप आली एका बसचालकाकडून. बाप खूश! "आपला आवाज! सगळीकडे फिरतोय!" त्याने ती भावांना पाठवली, सासुरवाडीला पाठवली, बसस्थानकाच्या ग्रुपवर पाठवली, आमच्या इमारतीच्या ग्रुपवर पाठवली, आणि शेवटी ठकीच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर पाठवली. खाली लिहिलं, "ओळखा पाहू आवाज कुणाचा?" पालकांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं रांगेने टाकली. एका वडिलांनी लिहिलं, "उघडत नाहीये, परत पाठवा." याने परत पाठवली.

इकडे शाळेत ठकीचं नाव पडलं, उशिराने. "उशिराने आली का?" "उशिराने, आज कुठल्या फलाटावर?" शाळा सुटली तरी हे सुटेना, कारण फोन दप्तरातून घरी येतो. क्लिपच्या खाली कोण कुठले लोक लिहायला लागले. ही भंगारात काढा. हिला धक्का मारून सुरू करा. कुणी तिचं डोकं कापून एका मोडक्या बसच्या तोंडावर चिकटवलं. तिच्या पायांवर तर जे लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही.

घरात यातलं काहीच माहीत नाही. घरात फक्त पोट दुखत होतं. रोज सकाळी, नेमकं शाळेच्या वेळेला. भोंग्याचं निदान तयार, "जंत!" मग एका संध्याकाळी ठकीने जाहीर केलं, की ती मावशीकडे राहायला जाणार आणि तिथल्याच शाळेत शिकणार. वहिनींची बहीण दुसऱ्या गावात असते, घर मोठं, मूलबाळ नाही. तिला फोनवर नुसतं कळायचा अवकाश, तिने कपाट रिकामं केलं, पडदे बदलले, तिथल्या शाळेत चौकशी केली आणि म्हणाली, "रविवारी येते मी न्यायला."

आणि ठकी बापाशी बोलेनाशी झाली. भोंगा एका बाजूने, "जेवणाऱ्यांनी टेबलाकडे प्रस्थान करावे," म्हणून ओरडतोय आणि पोरगी ताट घेऊन आत जातेय. "वयच असं असतं," असं तो मला म्हणाला. जिन्यातून. म्हणजे सगळ्यांनाच म्हणाला.

उलगडा केला वहिनींनी. पोटाचं काय ते एकदा बघू या म्हणून त्यांनी घरीच ठकीचं रक्त काढायला घेतलं. त्यांचं म्हणणं, हात पसरून समोर बसलेला माणूस खोटं बोलू शकत नाही. दंडाला रबरी पट्टा बांधला, शीर बघितली आणि सुईचं टोपण काढता काढता विचारलं, "पोट नाही ना दुखत?"

"काढ तू रक्त," ठकी म्हणाली. "सगळं काढ. पण मला शाळेत पाठवू नको."

वहिनींनी सुई ठेवून दिली. मग पोरीने फोन दाखवला.

संध्याकाळी भोंगा घरी आला. वहिनींनी फोन त्याच्यापुढे धरला. माझ्या घरात स्पष्ट ऐकू आलं, "अगं पाहिलंय हे! मीच तर सगळ्यांना..." आणि पुढे काही नाही. खालचं लिहिलेलं तो वाचत असणार. मी टीव्हीचा आवाज कमी केला. तरी काही नाही. मी टीव्ही बंदच केला. त्या घरातून काही ऐकू येत नाही, हे लग्न होऊन इथे आल्यापासून पहिल्यांदा घडत होतं. मला खरोखर काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी माझं दार वाजवलं. पायात चपला होत्याच.

"चला. हे आज माइकवरून त्या जुळ्यांची नावं घेणार आहेत. नाव, इयत्ता, आईचं दुकान कुठे, सगळं."

एरवी मला कुठे जायचं तर साडी बदलायला वेळ लागतो. त्या दिवशी गाऊनवर ओढणी टाकून निघाले.

बसस्थानकावरची ती उद्घोषणेची खोली म्हणजे एक टेबल, एक पंखा, एक माइक आणि भोंगा. पाचव्या वस्तूला जागा नाही. वहिनी आत शिरल्या, मी दारात अर्धी.

"उठा तिथून," वहिनी म्हणाल्या.

"नाही उठणार. कळू दे सगळ्या गावाला!"

"सगळ्या गावाला कळलंय म्हणूनच आपली पोर घरात बसलीय ना? आता तुम्ही त्या दोघांना घरात बसवणार?"

"त्यांनी काय केलं ते बघितलंस ना तू?"

"बघितलं. तुम्ही काय केलंत तेही बघितलं." कापूस दाबून धरा. "आता मला सांगा, स्थानकात हरवलेलं पोर सापडलं, की तुम्ही माइकवर काय बोलता? नाव घेता त्याचं?"

भोंगा वरमला. "नाव नाही घ्यायचं."

"का?"

"नाव घेतलं की कुणीही सोम्यागोम्या येऊन म्हणतो, माझंच पोर. कपडे कसले, रंग कसला, तेही नाही सांगायचं. आईबापांना बोलवायचं. ते आले की त्यांच्याकडून वदवून घ्यायचं."

"मग तसं करा ना. आईबापांना बोलवा."

"पण ह्यांची पोरं कुठे हरवलीत?"

"तेरा वर्षांच्या पोरीचं डोकं कापून बसवर चिकटवणारी पोरं जागेवर आहेत असं वाटतं तुम्हाला?"

तेवढ्यात खिडकीवर कुणीतरी धाडधाड हात मारला. एक बाई घामाघूम झालेली. "कुठाय? कुठाय माझा सोन्या?"

"कुठला सोन्या?"

"हरवलेलं पोर सापडलं म्हणून सांगताय ना केव्हापासून?"

भोंग्याने माइककडे बघितलं. माइकवरचा लाल दिवा पेटलेला. वहिनींचं पोर हरवण्यापासूनचं सगळं भाषण फलाटाफलाटावर पोचलं होतं. खिडकीबाहेर पन्नासेक लोक आपापली पोरं चाचपून बघत होते.

"बाई, तुमचा सोन्या तुमच्या बोटाला धरून उभा आहे," मी म्हटलं.

तिने खाली बघितलं. "हा नाही हो! दुसरा."

"दुसरा आहे का?"

बाईने क्षणभर विचार केला. "नाही. एकच आहे." आणि त्या एकाच्या पाठीत एक धपाटा घालून निघून गेली.

ठकीच्या वर्गशिक्षिका बाई कधीपासून पालकांची सभा घेऊ म्हणत होत्या, मुलं आणि मोबाईल या विषयावर. दर वेळी चारदोन आया येत आणि त्याही गणिताचे मार्क विचारून जात. या वेळी बोलावण्याचं काम भोंग्याने अंगावर घेतलं. एकेकाला फोन लावून त्याच त्याच्या सरकारी सुरात, "आपली उपस्थिती अत्यावश्यक आहे." लोकांना वाटलं काहीतरी भयंकर निघालंय. झाडून सगळे आले. मला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणून मी पण गेले. वहिनींनी मला एक काम दिलं होतं: भोंग्याचा आवाज चढला की त्याच्या पायावर पाय द्यायचा.

मोठाली माणसं आठवीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. बाईंचा आवाज मुळात पहिल्या बाकापर्यंतच जाणारा. त्यांनी सुरुवात केली, की वर्गातल्या एका मुलीला फोनवरून खूप त्रास दिला जातोय, तर पालकांनी जरा...

"आमच्याकडे हा प्रश्नच नाही," दातांचे डॉक्टर म्हणाले. "आमच्या मुलाला आम्ही फोनच दिलेला नाही."

मागून एक आई म्हणाली, "मग तो आमच्या बाळ्याला रोज व्हिडिओ कॉल करतो तो कशावरून? ब्रशवरून?"

डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं. बायकोने छताकडे बघितलं.

"जप्त करा सगळ्यांचे फोन," वह्या-पेनांचं दुकान चालवणारी बाई म्हणाली. ही त्या जुळ्यांची आई, आणि क्लिप आपल्याच पोरांची आहे हे तिला माहीत नव्हतं. "आमच्या वेळी होते का फोन? एकमेकांना काय ते तोंडावर चिडवायचो."

"पोरांचं लक्षच नसतं हो, सारखी मान खाली," असं एक वडील मान खाली घालून, फोन वर सरकवत म्हणाले.

मग भोंगा उठला. मी पाय तयार ठेवला.

"ती क्लिप तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे," तो म्हणाला. "त्यातला आवाज माझा आहे. धावतेय ती माझी मुलगी. आपल्या ग्रुपवर ती कुण्या पोराने नाही टाकली. मी टाकली. दोनदा टाकली. तुम्ही हसलात. तुमच्याआधी मी हसलो."

वर्गात चुळबुळ झाली. एकेक फोन खिशातून, पर्समधून बाहेर यायला लागला. आपण काय लिहिलंय ते बघायला.

"मी नुसता अंगठा दिला होता," कुणीतरी म्हणालं.

"मी पाठवली पुढे, पण फक्त माहेरी."

"मी तर बघितलीसुद्धा नाही. सगळे हसत होते म्हणून हसले."

"मुलंही मला अगदी हेच सांगतात," बाई म्हणाल्या. आणि त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा शेवटच्या बाकापर्यंत गेला. मग जरा थांबून, "मीही हसले होते. ती आपली ठकी आहे हे नीट बघितलंच नाही मी."

भोंग्याला राहवलं नाही. ताठ उभा राहिला आणि त्याने सुरू केलं, "पालकांनी कृपया लक्ष द्यावे. एक मुलगी सापडली आहे. दार लावून आतल्या खोलीत बसली आहे. तिचे वडील जिथे असतील तिथून..."

भिंती हलायला लागल्या. मी जोरात पाय दिला. तो दातांच्या डॉक्टरांचा निघाला. ते असे ओरडले, जसे एरवी लोक त्यांच्या खुर्चीत ओरडत असतील. सगळा वर्ग हसला, भोंगाही हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. तो खाली बसला.

पुढचं वहिनी बोलल्या, बसल्या जागेवरून. "फोन काढून घेऊ नका. आमची पोर रोज पोट दुखतं म्हणत होती, कारण खरं सांगितलं तर फोन जाईल असं तिला वाटायचं. काढून घेतला तर पुढच्या वेळी पोटही दुखणार नाही, काहीच कळणार नाही. घाण कुणी लिहिली असेल तर पुसायच्या आधी तिचा फोटो काढून बाईंना द्या, मग त्या खात्याची तक्रार करा. आणि ती क्लिप आपण जिथे जिथे पाठवलीय, तिथे फोन करून पुसायला सांगा. माहेरी पण. आज घरी जाऊन पोरांना विचारा. दरडावून नका विचारू."

वह्यावाली बाई निघताना वहिनींजवळ आली. "ती क्लिप कुणी केली हो?"

"ते ज्याने त्याने आपापल्या घरी विचारायचं," वहिनी म्हणाल्या. "मी नाव नाही घेणार."

बाई गेली. तिची चाल बघून मला वाटलं, हिला उत्तर मिळालं.

घरी आल्यावर भोंगा ठकीच्या बंद दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला कुजबुजायचं होतं. त्याच्या मते तो कुजबुजतच होता. "ठके, चुकलो मी. मला वाटलं माझा आवाज गाजतोय. तू त्यात आहेस हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्याच पोरीवर हसायला मी लोकांना बोलावून आणलं गं."

तळमजल्यावर शिंप्याचं मशीन थांबलं. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर थांबला. मी भिंतीला टेकून उभी होते, पाठ दुखत होती म्हणून.

"पुन्हा नाही करणार. तू जाऊ नकोस मावशीकडे."

दाराआडून आवाज आला, "बाबा, हळू! खालच्या काकांना ऐकू जातंय."

खालून शिंपी ओरडला, "मला काही ऐकू येत नाहीये!"

दार उघडलं. पण पोरगी पाघळलेली नव्हती. "मी तरी जाणार. तुमचा काय भरवसा? उद्या कुणी म्हणालं काका बोलून दाखवा, की तुम्ही बोलून दाखवाल."

आणि आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, तो बोलून दाखवेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वह्यावाली बाई दोघा जुळ्यांना घेऊन आली. दोघांचे डोळे सुजलेले. मी नेमकी तेव्हाच वहिनींकडे चाळणी मागायला गेले होते, योगायोग.

"सॉरी," मुलगी म्हणाली आणि रडायलाच लागली.

मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, "आम्ही सगळीकडून काढलं. बसवर डोकं आम्ही नव्हतं लावलं, शप्पथ. पण क्लिप आमची. आम्हाला वाटलं, तुझे बाबाच बोललेत, म्हणजे तुला चालत असेल."

भोंगा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. एखाद्याने कानफटात मारल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"मला विचारलं होतं?" ठकी म्हणाली.

"नाही."

"बाबांनी विचारलं होतं मला?"

मुलाने भोंग्याकडे बघितलं. "नसेल."

"मग? तुझं नाक शिंकरतानाचं तुझ्या आईने सगळ्यांना पाठवलं तर तुला चालेल?"

"तिने पाठवलंय," मुलगा म्हणाला. "वाढदिवसाला. सगळ्या नातेवाइकांना."

वह्यावाल्या बाईला एकदम दुकान उघडं राहिल्याची आठवण झाली.

रविवारी मावशी आली. नवीन चादर, नवीन उशी आणि तिथल्या शाळेचा गणवेशसुद्धा घेऊन. ठकीची बॅग पॅसेजमध्ये भरून उभी होती. मी चाळणी परत करायला गेले होते, आणि चाळणी परत करायला वेळ लागतो.

चहा झाला. मावशी म्हणाली, "चल गं, गाडी चुकेल." भोंग्याने तोंड उघडलं, गाडीची वेळ ओठांवर आली असणार. पण त्याने तोंड मिटलं, खिशातून आपला फोन काढला, कुलूप उघडलं आणि ठकीपुढे धरला.

"यात तुझं जे काही आहे ते बघ. मी जिथे जिथे लावलंय, पाठवलंय, तेही बघ. काय ठेवायचं, काय काढायचं, तू सांग. मी काढतो. मग जा."

ठकी उभ्याउभ्याच बघायला लागली. पहिलाच फोटो, टबात बसलेली, अंगावर फक्त साबण. भोंग्याने तो वर्षानुवर्षं आपल्या नावासमोर लावलेला. सगळ्या बसस्थानकाने पाहिलेला.

"बाबा!"

"काढू?"

"काढा!"

"किती गोड..." तो म्हणाला आणि तिच्या नजरेने गप्प बसला. काढला.

पुढचा. दात पडलेला. "काढा." गालगुंड झालेलं, डोक्याला फडकं बांधून. "बाबा, हा कुणाकुणाला पाठवलाय?" "जास्त नाही गं. आपल्या आगाराला." "अख्ख्या?" "आणि शेजारच्या." नापास झाल्यावर रडतानाचा व्हिडिओ, खाली भोंग्याने लिहिलेलं, "आमची शूर वीर." ठकी खाली बसली. पाय आडवे पसरले पॅसेजभर, बॅगेला लागून बॅग कलंडली. "हा माहीतच नव्हता मला. काढा. हा पण. हा काय आहे? शी! काढा." भोंगा तिच्या शेजारी मांडी घालून बसलेला, चष्मा कपाळावर, एकेक काढतोय आणि प्रत्येक वेळी विचारतोय. आवाज चक्क खोलीतल्या खोलीत राहत होता. मला दोनदा पुढे सरकावं लागलं.

"हा ठेवू?"

"नाही."

"हा?"

"नाही."

"हा तरी?"

त्या फोटोवर ठकी थांबली. अगदी लहान असेल तेव्हाची. उद्घोषणेच्या खोलीत टेबलावर झोपलेली, माइकच्या बुंध्याला मिठी मारून, आणि भोंगा शेजारी ओठांवर बोट ठेवून उभा.

"हे कधी?"

"तुझी आई कामावर होती. मी तुला घेऊन गेलो. तू झोपलीस, मग मी गाड्यांच्या वेळा फळ्यावर लिहिल्या. दुपारभर बोललोच नाही."

वहिनी हसल्या. "साहेबांनी मेमो दिला होता त्याबद्दल."

ठकीने तो फोटो मोठा करून बघितला. "हा ठेवा. पण फक्त तुमच्याकडे. कुणाला पाठवायचा नाही."

"मला पाठव की," मावशी म्हणाली.

"तुलाही नाही."

मावशीने घड्याळ बघितलं. "अगं, गाडी जाईल."

ठकी मान वर न करता फोन सरकवत होती. "मावशी, तू हो पुढे. यात अजून माझं पाचवीचं वर्षसुद्धा आलेलं नाही. यांना एकट्याला सोडलं तर हे काही काढणार नाहीत." मग जरा वेळाने, "आणि तो गणवेश परत होतो का बघ."